जुन्या दगड-विटांच्या घराची डागडुजी: गवंडी कसा निवडावा, काम कसं द्यावं

वाईला, साताऱ्याला, नाशकात किंवा पुण्याच्या पेठांत पणजोबांनी बांधलेलं घर ज्यांच्या वाट्याला आलंय, आणि फ्लॅटमधल्या टाइल बदलण्यापलीकडे ज्यांचा बांधकामाशी कधी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. कोकणातल्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, घरांबद्दलही मध्येमध्ये येईल. भिंतीचे दगड सुटलेत, विटांचा भुगा पडतोय, ओल वर चढतेय, अशा वेळी माणूस कुठून आणायचा, त्याला काय विचारायचं, कागदावर काय लिहून घ्यायचं आणि काम चालू असताना लक्ष कशावर ठेवायचं, एवढाच विषय.

अशा घरात पहिला जो ठेकेदार येतो, तो भिंतीवर थाप मारून हमखास म्हणतो, "काही नाही मालक, सगळं खरवडून सिमेंट मारून टाकू. पुढची पन्नास वर्षं बघायला नको." तो लबाड असेलच असं नाही. आरसीसीच्या कामात त्याचा हात चांगलाही असेल. पण जुन्या भिंतीला त्याचं औषध मानवत नाही, आणि ते का मानवत नाही हे मालकाला माहीत नसेल तर पुढचं सगळं बोलणं त्याच्याच कलानं होतं. म्हणून फोन फिरवण्याआधी दोन-तीन सुट्ट्या घराभोवती फिरण्यात घालवा.

१. भिंत कशाची आहे ते आधी ओळखा

देशावरच्या बहुतेक वाड्यांची रचना ठरलेली असते. जोतं (घराचा चौथरा) आणि खालची भिंत काळ्या दगडाची, त्यावर भाजक्या विटा किंवा पांढऱ्या मातीचे भेंडे (न भाजलेले ठोकळे), आणि वजन पेलायला लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा. दर्शनी बाजूला घडीव दगड असले तरी आतली भर अनघड दगडांची आणि मातीची असते. कोकणात दगडाच्या जागी जांभा येतो. मुंबईतल्या जुन्या चाळी-बंगल्यांत मालाडचा पिवळसर दगड आणि कुर्ल्याचा दगड दिसतो. प्रत्येक दगडाचा कठीणपणा वेगळा. काळ्या दगडावर खपून जाणारी चूक जांभ्यावर खपत नाही.

दगडापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे दगडांच्या मधे काय भरलंय. पोरबंदरला सिमेंटचा कारखाना सुरू झाला १९१४ साली. त्याआधीचं घर असेल तर सांध्यात चुना किंवा माती असणार, आणि त्यानंतरही गावोगावी कित्येक वर्षं चुनाच वापरला जात होता. खात्री करून घेणं सोपं आहे. पावसाचा मार न लागलेल्या जागेतून, जिन्याखालून किंवा कोनाड्यातून, जुन्या मालाचा, म्हणजे सांध्यात भरलेल्या मिश्रणाचा, सुपारीएवढा तुकडा काढा. पेलाभर पाण्यात टाका. विरघळून पाणी गढूळ झालं तर माती. तसाच राहिला तर बाहेर काढून वाळवा आणि त्यावर लिंबू पिळा. पांढरट तुकडा, नखानं ओरखडा उठतोय आणि लिंबानं फसफसतोय, तर चुना. सिमेंटही थोडं फसफसतं, पण त्याचा रंग राखाडी असतो आणि ते नखाला दाद देत नाही. एकाच घरात तिन्ही सापडतात. मूळ काम मातीचं, दर्शनी दरजा, म्हणजे दगड-विटांमधले सांधे, चुन्याच्या आणि मधल्या कुणीतरी केलेली सिमेंटची ठिगळं. कुठे काय आहे त्याचे फोटो काढून ठेवा.

आता सिमेंट का नको ते. जुन्या भिंतीत पाणी शिरतं हे गृहीतच धरलेलं असतं. जमिनीतून चढतं, पावसाचं मुरतं, आणि मऊ, सच्छिद्र चुन्याच्या दरजांमधून ते पुन्हा वाळून बाहेर जातं. दरजांमध्ये कडक सिमेंट भरलं की ती वाट बंद होते. मग पाणी विटेतून किंवा जांभ्यातून बाहेर पडायला बघतं आणि बरोबर आणलेले क्षार तिथेच सोडतं. क्षारांचे खडे विटेच्या पापुद्र्याआड वाढतात आणि वीट आतून फोडतात. सिमेंटची जाळी जागच्या जागी उभी आणि मधली वीट दोन बोटं आत खचलेली, असं दृश्य कुठल्याही जुन्या पेठेत बघायला मिळेल. शिवाय ऋतूप्रमाणे भिंत थोडी हलते, ती हालचाल चुना सोसतो. सिमेंट सोसत नाही, त्यामुळे दगडाच्या कडेनं केसाएवढी फट पडते आणि पुढच्या पावसाचं पाणी तिथूनच आत जातं. दरजेचा माल दगड-विटेपेक्षा नेहमी मऊ हवा. झिजायचं ते दरजेनं, कारण दरज पुन्हा भरता येते. वीट पुन्हा भरता येत नाही.

२. पाणी कुठून येतंय?

हा प्रश्न गवंड्यानं सोडवायचा नसून तुम्ही, किंवा तुम्ही आणि त्यानं मिळून, त्याच्या कामाआधी सोडवायचा असतो. भिंत दुरुस्त करायला गेलेल्या बऱ्याच लोकांना खरं तर छप्पर, पन्हळ किंवा मोरी दुरुस्त करायची असते.

वरून खाली या. कौलं सरकलीत का, वळचणीचं पाणी भिंतीवर उलटतं का, पन्हळीचा नळ मधेच तुटून भिंतीत पाणी सोडतोय का, हे बघा. यासाठी भर पावसात छत्री घेऊन बाहेर उभं राहण्याला पर्याय नाही. उन्हाळ्यात जे कळत नाही ते जुलैच्या एका दुपारी कळतं. मग मोऱ्या. वाड्याच्या वरच्या मजल्यावर नंतर काढलेली मोरी किंवा संडास हे ओलीचं एक नंबरचं कारण असतं. मूळ बांधणाऱ्यानं तिथे पाणी येईल असं धरलेलंच नसतं. नळाच्या ओलीची परीक्षा सोपी आहे. ओल बारा महिने तेवढीच राहत असेल तर नळ किंवा सांडपाणी, आणि पावसाळ्यात वाढून मार्चपर्यंत आटत असेल तर पाऊस किंवा जमीन.

शेवटी जोतं. शहरात रस्त्यावर दरवेळी डांबराचा नवा थर चढतो, आणि ज्या घराला चार पायऱ्या चढून जावं लागायचं तिथे आता दोनच उरतात. रस्त्याचं पाणी थेट जोत्याच्या सांध्यात जातं. अंगणात पेव्हर ब्लॉक किंवा कोबा केला असेल तर जमिनीतली ओल दुसरीकडे वाट नसल्यामुळे भिंतीत चढते. भिंतीच्या कडेनं हात-दीड हाताची पट्टी उखडून तिथे खडी भरणं आणि पाण्याला घरापासून लांब उतार देणं हे स्वस्तातलं काम आहे आणि त्याचा गुण महागड्या वॉटरप्रूफिंगपेक्षा जास्त येतो.

भिंतीला लोणा लागला असेल, म्हणजे पांढरी भुकटी फुलत असेल, तर ती कोरड्या ब्रशनं झाडून सुपलीत भरून बाहेर टाका. पाण्यानं धुतली तर क्षार पुन्हा भिंतीतच मुरतात. पाण्याचा बंदोबस्त झाल्यावर शक्य असेल तर एक पूर्ण उन्हाळा भिंत वाळू द्या, आणि मगच दरजा भरा किंवा गिलावा (प्लास्टर) करा. ओल्या भिंतीवर घाईनं केलेला गिलावा दिवाळीला सुंदर दिसतो आणि होळीपर्यंत फुगतो.

३. गवंडी पुरेसा की इंजिनिअर हवा

सुटलेल्या दरजा, निखळलेले सुटे दगड, खचलेल्या विटा, पडलेला गिलावा हे गवंड्याचं काम. पण काही खुणा दिसल्या तर आधी जुन्या बांधकामाचा अनुभव असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर किंवा वारसा-जतनाचं काम करणारा वास्तुविशारद बोलवा. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरका वर गेलेला तडा. दोन भिंतींच्या कोपऱ्यात वरून खाली रुंद होत आलेली फट. तुळईचं भिंतीतलं टोक कुजलेलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे भिंतीला पोट सुटणं.

पोट ओळखायला ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, पुरतो. वरून सोडा आणि दोरी नि भिंत यांमधलं अंतर दर दोन फुटांवर मोजून लिहा. मधे कुठे भिंत दोरीकडे झुकत असेल तर तिथे बाहेरचा आणि आतला थर एकमेकांपासून सुटत चाललेत. जाड दगडी भिंत म्हणजे प्रत्यक्षात दोन पातळ भिंती आणि मधे भर. दोन्हीला बांधून ठेवणारे आरपार लांब दगड नसतील तर भर खाली बसते आणि बाहेरचा थर फुगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जाड भिंतींची घरं कोसळली त्यात हे एक मोठं कारण होतं. मातीत रचलेले गोटे, आरपार दगड नाहीत, वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, ओझं. अशा भिंतीला बाहेरून नुसत्या दरजा भरून घेणं म्हणजे पैसे पाण्यात. तिला धिरे (टेकू) लावून, टप्प्याटप्प्यानं उतरवून, आरपार दगड किंवा बांधणीच्या सळया घालून पुन्हा रचावं लागतं, आणि ते कुठे आणि किती हे इंजिनिअरनं ठरवायचं असतं.

तडा जुना आहे की वाढतोय हे कळायला त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं रेघ मारून तारीख घाला आणि तड्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसची छोटी पट्टी थापा. पट्टी चिरली तर भिंत हलतेय. एक पावसाळा जाऊ द्या, मग ठरवा. मात्र पोट सुटलेल्या किंवा झुकलेल्या भिंतीच्या बाबतीत पावसाळा जाऊ देण्याची चैन करू नका. तिथे आधी टेकू, मग विचार.

भिंतीत पिंपळ किंवा वड उगवला असेल तर ओढून काढू नका. मूळ आत राहतं, दगड तेवढा हलतो. मूळ जाईल तिथवर दगड उतरवून, मुळासकट काढून, दगड परत बसवावे लागतात. अंदाजपत्रकात हे वेगळं लिहायला सांगा, कारण नंतर वाद हमखास इथेच होतो.

४. कागद आणि भाऊबंद

दरजा, गिलावा, रंग, कौलं बदलणं अशा साध्या डागडुजीला सहसा बांधकाम परवानगी लागत नाही. भिंत उतरवून बांधणं, दार फोडणं, मजल्याची उंची बदलणं याला लागते. घर महापालिकेच्या वारसा यादीत असेल तर त्याची श्रेणी कोणती ते विचारून घ्या, कारण श्रेणीप्रमाणे बाहेरून काय बदलता येतं ते ठरतं. पुण्यात शनिवारवाड्याच्या आसपास घर असणाऱ्यांना आणखी एक गोष्ट माहीत हवी. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचा भाग प्रतिबंधित आणि त्यापुढचा २०० मीटर नियंत्रित असतो, आणि तिथे दुरुस्तीलाही पुरातत्त्वाची परवानगी घ्यावी लागते. हा नियम देशभर आहे, त्यामुळे लेणी, किल्ले, जुनी मंदिरं यांच्या शेजाऱ्यांनाही लागू होतो.

महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली असेल तर घाबरून थेट पाडायला काढू नका. मुंबई-ठाण्याकडे अशा इमारतींची वर्गवारी करतात: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए आणि सी-२बी म्हणजे दुरुस्त करण्याजोगी, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. नोटिशीत नक्की काय लिहिलंय ते वाचा आणि स्वतःचा इंजिनिअर नेमून अहवाल घ्या.

वाडा सामाईक असेल तर सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या. काकांच्या मुलानं फोनवर "कर की, माझं काय म्हणणं नाही" म्हटलं ते परांची (गवंड्यांनी उभं राहायचा मचाण) लागल्यावर टिकत नाही. शेजाऱ्याशी सामाईक भिंत असेल तर त्यालाही दाखवा आणि त्याच्या बाजूच्या तड्यांचे फोटो त्याच्यासमोर काढा, नाहीतर जुने तडे तुमच्या खात्यावर पडतील. भाडेकरूंच्या बाबतीत, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. मालकानं नोटीस देऊनही दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, फक्त वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. पेठेतली जुनी भाडी लक्षात घेतली तर या रकमेत घमेलंभर चुना येईल, पण तरतूद आहे.

५. माणूस शोधणं

चुन्यात काम केलेले गवंडी कमी उरलेत, पण आहेत. शोधायची जागा म्हणजे नुकतीच दुरुस्त झालेली देवळं, घाट, जुने वाडे. ट्रस्टच्या कचेरीत जाऊन काम कुणी केलं ते विचारा, आणि ठेकेदाराच्या नावावर न थांबता प्रत्यक्ष हात कुणाचा होता ते विचारा. मोठा ठेकेदार काम घेतो आणि पुढे दुसऱ्याला देतो ही इथली रीतच आहे. घडीव दगडाचं काम असेल तर गवंड्याबरोबर पाथरवट लागतो. टाकी-हातोड्यानं दगडाला कड काढणारा माणूस वेगळा आणि तो रचणारा वेगळा.

तीन जणांना तरी घरी बोलवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवून "अडीच लाखात करून देतो" म्हणणाऱ्याचं नाव तिथेच खोडा. घरी आलेल्या माणसाचं आधी बोलणं ऐकू नका, हात बघा. जाणता मिस्त्री हातोडीच्या दांड्यानं भिंत ठोकत जातो, पोकळ आवाज आला की थांबतो, पुन्हा ठोकतो, खडूनं गोल करतो. दरजेतला माल बोटावर घेऊन चुरतो. काहीजण चाखूनही बघतात, क्षार कळावा म्हणून. मग मान वर करून पन्हळ बघतो. एका मिस्त्रींनी वाडा बघून पहिला प्रश्न विचारला होता, "वर मोरी कुणाची हाय?" अशा माणसाला चहा पाजा, आणि दर थोडा जास्त सांगितला तरी लगेच नाही म्हणू नका.

विचारायचे प्रश्न थोडे असू देत. चुना कुठून आणता, कळीचा (पाण्यात न विरवलेला) की पोत्यातली भुकटी? माल कशात मळणार? जुन्या दरजा कशानं कोरणार? तीन पावसाळे खाल्लेलं तुमचं काम कुठे बघायला मिळेल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पत्त्यासकट मिळालं तर तिथे जाऊनच या, आणि त्या घरच्या बाईंना विचारा, कारण केर त्यांनी काढलेला असतो. भिंतीतून काय गळतं, किती दिवसांनी गळायला लागलं आणि मिस्त्री नंतर फोन उचलतो की नाही, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगत नाही.

"चुन्यात थोडं सिमेंट टाकतो, लवकर धरतं," असं बरेचजण म्हणतील. चुना सावकाश धरतो हे खरंच आहे. मालाला लवकर ताकद हवी असेल तर त्यासाठी सुरखी, म्हणजे भाजक्या विटेची पूड, हा जुना उपाय आहे. सिमेंटची चिमूट नको, हे तिथेच स्पष्ट करा.

६. दर, मोजमाप आणि उक्तं की रोजावर

इथे दोन पद्धती चालतात. उक्तं काम म्हणजे ठरलेल्या रकमेत सगळं. रोजावर म्हणजे गवंडी आणि बिगारी यांची दिवसाची मजुरी, माल तुमचा. दरजा, गिलावा, कौलं ही मोजता येणारी कामं उक्ती द्यायला हरकत नाही. पण जिथे आत काय निघेल ते माहीत नाही, भिंत उतरवायची आहे, तुळईची टोकं बघायची आहेत, ते रोजावरच द्या. उक्त्यात घाई ठेकेदाराच्या फायद्याची असते आणि जुन्या भिंतीला घाई चालत नाही. रोजावर काम रेंगाळतं ही तक्रार खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणजे आठवड्याचं काम सोमवारी ठरवणं आणि शनिवारी बघणं.

ब्रास शब्दानं नवखा माणूस गोंधळतो. वाळू, खडी, दगड यांचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि गिलावा किंवा दरजांचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. ३० फूट लांब आणि १० फूट उंच भिंत म्हणजे ३ ब्रास. दारं-खिडक्या वजा धरल्या की नाही, परांचीचे पैसे दरात आहेत की वेगळे, राडारोडा कोण उचलणार, पाणी आणि वीज कुणाची, हे आधी विचारलं नाही तर बिलात कळतं. तिन्ही ठेकेदारांना एकच यादी द्या, म्हणजे दरांची तुलना करता येईल. सर्वांत स्वस्त दराच्या मागे बहुतेक वेळा सिमेंट दडलेलं असतं.

७. लिहून काय घ्यायचं

वकिली मसुदा नको, पण दोन पानांचा सहीचा कागद हवाच. भिंतीगणिक काम काय, मालाचं प्रमाण काय, आणि सिमेंट कुठे वापरायचं नाही, हे लिहा. प्रमाणासाठी एक नेहमीचा आधार म्हणजे १ भाग विरवलेला चुना, १ भाग सुरखी, १ भाग जाड वाळू. भिंतीप्रमाणे यात बदल होतो, तो मिस्त्री आणि इंजिनिअर मिळून ठरवतील, पण ठरेल ते कागदावर यावं. दरजा हातानं कोरायच्या, ग्राइंडर लावायचा नाही. निघालेले दगड आणि साबूत विटा मालकाच्या, त्या पुन्हा वापरायच्या. हे शेवटचं वाक्य विसरू नका. जुनी पातळ वीट आता सहसा बनत नाही, आजची ९ × ४ × ३ इंचांची वीट तिच्या थरात बसत नाही, आणि घडीव दगडाला बाजारात गिऱ्हाईक आहे. विटा कमी पडल्या तर पाडकाम चाललेल्या वाड्यावरून मिळतात.

मजुरांना इजा झाली तर जबाबदारी कुणाची आणि त्यांचा विमा आहे का हेही त्याच कागदावर येऊ द्या. रक्कम टप्प्यांत बांधा. आगाऊ १० ते १५ टक्के, पुढे मोजून झालेल्या कामाप्रमाणे, आणि १० टक्के पहिला पावसाळा होईपर्यंत तुमच्याकडे. यावर कुरकुर होईल. एकदम अर्धे पैसे मागणारा माणूस बहुधा मागच्या गिऱ्हाइकाचं काम तुमच्या पैशांनी पुरं करत असतो.

८. काम सुरू झाल्यावर

दसरा-दिवाळीनंतर सुरू करून माघापर्यंत आटोपणं उत्तम. हवा कोरडी पण ऊन सौम्य, चुन्याला सावकाश धरायला वेळ मिळतो. एप्रिल-मेमध्ये सगळे गवंडी मृगाच्या धास्तीनं अडकलेले असतात, दर चढतात आणि उन्हानं चुना करपतो.

पहिल्या दिवशी पूर्ण भिंत उघडू देऊ नका. मागच्या बाजूला तीन फूट बाय तीन फूट जागा निवडून नमुना करून घ्या. कोरणं, भरणं, शेवटचा हात, सगळं त्या चौकोनात. वाळल्यावर रंग, खोली, कड बघा, आणि पसंत पडेल तो नमुना कराराचा भाग करा. पुढचं काम त्याच्याशी ताडून बघायचं.

दरज कोरताना खोली रुंदीच्या दुप्पट तरी हवी. नुसता वरचा पापुद्रा काढून वर माल चोपडला तर तो खपलीसारखा पडतो. कोरल्यावर धूळ झाडायची, दरज पाण्यानं ओली करायची, मगच माल दाबून भरायचा. मोठ्या फटीत नुसता माल न ठासता दगडाच्या कपच्या बसवायच्या. दरज दगडाच्या कडेपेक्षा किंचित आत राहू द्या. दगडावर चढवलेल्या फुगीर दरजा आणि त्यावर काळ्या-पांढऱ्या रेघा ही हल्ली हौस झालीय, विशेषतः कोकणात चिऱ्यावर. त्या फुगवट्यावर पाणी अडतं आणि चिऱ्यात मुरतं. नवा चिरा घालायचा असेल तर खाणीतून ताजा आलेला लगेच बसवू नका. जांभा खाणीत मऊ असतो आणि हवेवर कडक होतो, त्याला तेवढा वेळ द्या.

चुना जागेवर विरवणार असतील तर ते काम बघण्यासारखं असतं, पण लांबून. कळीचा चुना पाण्यात पडला की उकळी फुटते आणि थेंब उडतात. डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. मुलं आणि कुत्री-मांजरं आत, गवंड्यांना गॉगल आणि हातमोजे, शेजारी स्वच्छ पाण्याची बादली. विरवलेला चुना चाळून, पाण्याखाली निदान काही आठवडे मुरू द्यायचा. न विरलेले खडे राहिले तर ते भिंतीत गेल्यावर फुगतात आणि गिलाव्यावर फोड येतात. गडांवर चुन्याच्या घाणीचे दगडी चर तुम्ही पाहिले असतील. बैलानं दगडी चाक फिरवून माल मळण्याची ती सोय. आता घाणी सगळीकडे मिळणार नाही, मिक्सर चालतो, पण पाणी ओतत राहून पातळ करण्याऐवजी माल जास्त वेळ मळायला सांगा. गूळ, बेलफळ, हिरडा यांचं पाणी घालायची पद्धत आहे. ज्या मिस्त्रीला त्याचं प्रमाण हाताला माहीत आहे त्याला घालू द्या. नसेल तर साध्या चुन्यानं काही बिघडत नाही. वाळू धुतलेली हवी. क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) असेल तर तिच्यातली भुकटी चाळून काढा, आणि किनाऱ्यावर समुद्राची वाळू कितीही फुकट मिळाली तरी घेऊ नका, तिच्यातलं मीठ भिंतीत जातं.

काळा दगड यंत्रानं कापताना उडणारी धूळ फुप्फुसाला वाईट. पाणी मारत कापायला सांगा आणि मास्क आणून द्या. ठेकेदार ते आणेल ही वाट बघू नका.

भरलेल्या भागावर ओलं गोणपाट टांगून ते आठ-दहा दिवस तरी दमट ठेवा, दुपारचं ऊन थेट लागू देऊ नका. हे काम रोज संध्याकाळी करायचं असल्यामुळे सगळ्यात आधी तेच विसरलं जातं. गवंडी पाच वाजता जातात, गोणपाट सहाला वाळतं. घरात कुणीतरी ही जबाबदारी अंगावर घ्या. चुन्याचा गिलावा असेल तर थर पातळ, १० ते १२ मिलिमीटरचे, आणि पहिला धरल्याशिवाय दुसरा नाही.

काम झाल्यावर रंगाचा दुकानदार प्लास्टिक पेंट किंवा वॉटरप्रूफ कोटिंग सुचवेल. ते लावलं तर सिमेंट टाळून जे साधलं ते वाया जातं. चुन्याचा हात द्या, हवा तर रंग मिसळून.

९. हिशेब

शेवटचं मोजमाप दोघांनी मिळून टेप धरून करा आणि त्यावर सह्या घ्या. उरलेल्या साबूत विटा, मालाचं लिहिलेलं प्रमाण, चुन्याच्या आणि वाळूच्या पावत्या, कामाआधीचे आणि नंतरचे फोटो एका जागी ठेवा. दहा वर्षांनी येणारा गवंडी हेच मागेल.

जुलैमध्ये मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी आतून प्रत्येक भिंत बघा. ओल दिसेल तिथे खडूनं रेघ आणि तारीख. लगेच आरडाओरडा नको, नवा चुना पहिल्या पावसात थोडा काळवंडतो आणि उघडीप मिळाली की वाळतो. आठवडाभर उघडीप असूनही डाग तसाच राहिला, दरज पोकळ वाजली किंवा माल निसटला, तर मिस्त्रींना फोन करा आणि दाखवा. ती दुरुस्ती राखून ठेवलेल्या १० टक्क्यांत येते, वेगळे पैसे नाहीत. दसऱ्यापर्यंत सगळं ठीक दिसलं तर उरलेली रक्कम मागायची वेळ येऊ न देता स्वतःहून द्या. पन्हळी साफ करायला आणि वळचणीची कौलं बघायला दर मे महिन्यात त्याच माणसाला बोलवायचंय.